हुकमाचं पाणी

त्या माणसाने चूळ गिळली. झालं ते एवढंच. माझ्या खुर्चीत बसल्यावर माणसं काय काय करतात याचं मला आता नवल राहिलेलं नाही. कोणी जपमाळ ओढतं, कोणी माझ्या आईचा उद्धार करतं, एका नोटरीने तर माझं बोट चावलं आणि वर पावती मागितली. पण पेल्यातलं पाणी तोंडात घेऊन, या गालातून त्या गालात नीट फिरवून, शेजारच्या भांड्याकडे वळण्याऐवजी हनुवटी वर करून ते शांतपणे पिऊन टाकणारा माणूस मी सबंध धंद्यात पाहिला नव्हता. नोएमी, माझी मदतनीस, लाळ ओढायची नळी हातात धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. साठीला आलेली ही बाई माझ्याकडे असं बघते तेव्हा सहसा चूक माझीच असते. बाहेर सोंदा सुटला होता. डोंगरावरून उतरताना तापत येणारा हा वारा अर्जेंटिनातल्या आमच्या मेंदोसा शहरात शिरला की शाळा सोडून देतात, दाराच्या फटींत ओली फडकी कोंबतात, आणि ज्यांची डोकी एरवीही दुखतच असतात त्यांना एक सबळ कारण मिळतं. खिडकीची झडप कडकड वाजत होती, रस्त्याकडेच्या पाटातलं पाणी पिवळट झालं होतं, आणि मास्कच्या आतही माझ्या जिभेवर बारीक माती होती. "थुंकायचं असतं, सेन्योर," मी म्हणालो. "पाणी थुंकत नसतात, डॉक्टर," तो म्हणाला. आवाजात ना हट्ट, ना विनोद. जेवताना टेबलावर कोपर ठेवू नये असं लहान मुलाला सांगावं, तसं. आणि माझी पाठ ताठ झाली. मला काही आठवायच्या आधी पाठीला आठवलं.

दातांच्या डॉक्टरला चेहरे लक्षात राहत नाहीत. वर दिवा, खाली उघडं तोंड, आणि चेहरा म्हणजे त्या तोंडाभोवतीची चौकट. कार्डावर बारिओनुएवो असं आडनाव होतं ते मी वाचलं होतं, म्हणजे पुढच्या मोटारीची नंबरप्लेट वाचतात तसं. आता मी दिवा जरा बाजूला केला. पिकलेली मिशी, उन्हाने भाजून कायमची तशीच राहिलेली मान, आणि उजव्या भुवईत केस न उगवलेली एक रेघ. ती रेघ मी एके काळी रोज सकाळी हातभर अंतरावरून, पापणी न हलवता पाहत असे. कारण हवालदार बारिओनुएवो रंगरुटांशी बोलायचा तो हातभर अंतरावरूनच, आणि आवाज मात्र लष्करी तळाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसासाठी काढायचा. मैदानी सरावाला गेलो की दात घासायला माणशी अर्धा मग पाणी मिळे. ते कसं वापरायचं हे त्याने स्वतः करून दाखवलं होतं: घासा, खळबळवा, गिळा. "तोंडात आलेलं पाणी पुन्हा बाहेर जात नाही. बाहेर हाकलायला त्याने काय गुन्हा केलाय?" माझ्या शेजारी उभा असलेला लुसेरो, द्राक्षमळ्यातल्या मजुराचा मुलगा आणि आमच्या सेक्शनमधला अधिकृत वात्रट, पुटपुटला की चला, पोटातले दातही घासून निघतील. त्याला या विनोदाबद्दल जमिनीवर झोपून पन्नास वेळा हातांवर उठावं लागलं. उठताना तो म्हणाला की विनोद महाग पडला, पण होता चांगला.

माझ्या भरतीच्या वर्षी, लष्कराची हुकूमशाही नुकतीच गेलेली असताना, लष्कर शहरात गणवेश घालून फिरायला लाजत होतं, आणि लाजण्यासारखं त्याच्या पदरी पुष्कळ होतं. तरी सक्तीच्या भरतीची सोडत निघतच होती. रेडिओवर एक आवाज आधी ओळखपत्राचे शेवटचे आकडे सांगायचा आणि मग त्यांना लागलेला सोडतीचा आकडा. तो लहान निघाला तर सुटलात, मोठा निघाला तर लष्कर, फारच मोठा निघाला तर आरमार, म्हणजे आणखी जास्त महिने. आपल्या आयुष्याचं वर्ष जातंय की राहतंय हे गाईच्या भावाची बातमी आणि साबणाची जाहिरात यांच्यामध्ये कळायचं. माझी आई शाळेत विज्ञान शिकवायची आणि कुठल्याही देवळात पाय ठेवत नसे. माझा आकडा मोठा लागला तेव्हा तिने रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "आता त्या बाईला पाणी नाही." तेव्हा आम्हाला कळलं की विज्ञान शिकवणाऱ्या बाईने दिफुंता कोर्रेआला एक बाटली पाणी बोललेलं होतं. दिफुंता म्हणजे मयत. जुन्या यादवीत हिच्या नवऱ्याला सैन्यात भरती करायला धरून नेलं. ही तान्ह्या मुलाला घेऊन वाळवंटातून त्याच्या मागे चालत निघाली आणि तहानेने मेली. गुराख्यांना ती सापडली तेव्हा मूल तिच्या छातीशी जिवंत होतं, दूध पीत होतं. चर्च तिला संत मानत नाही, ट्रकवाले मानतात. आमच्याकडे यांपैकी कोणाचं चालतं ते कुठल्याही हमरस्त्यावरून गेलं की समजतं. वाटेवर जागोजाग तिची कोंबड्यांच्या खुराड्याएवढी घरं असतात आणि भोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. नवस फिटला की बाटली. नसला तरी बाटली, कारण तिला तहान लागलेली असते. सक्तीच्या भरतीतून मुलाला सोडव, असं सांगायला माझ्या आईने माणूस अगदी योग्य निवडला होता. निकाल विरुद्ध लागला, एवढंच.

तर हा माणूस कवळी टोचते म्हणून आला होता. कवळी टोचत होतीच, पण तिच्या खाली, जिभेच्या डाव्या कडेला, मला जे दिसलं त्याच्याशी कवळीचा संबंध नव्हता. उंचावलेल्या काठाची एक जखम, मध्ये पांढुरकी. मी बोटाने दाबली. आत कडकपणा होता, पिकायला अजून वेळ असलेल्या फळासारखा. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाला, कडाक्याच्या थंडीपासून. आता द्राक्षांना मोहर आला होता. दुखते का? नाही. तंबाखू? काळी, हाताने वळलेली. माते, आमचा कडू पाल्याचा चहा? दिवसभर, उकळता. ही सगळी उत्तरं मला नको होती. इतकी वर्षं तोंडांत बघितल्यावर एक वेळ अशी येते की मेंदू नाव घेत नाही आणि हात मात्र थोडे थंड पडतात. त्यातला एक लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला पाहिजे, म्हणजे काय आहे ते कळेल आणि वेळेत कळलं तर करण्यासारखं पुष्कळ असतं, असं मी सांगितलं. मी हे नेहमी सांगतो त्याच आवाजात सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. "नको, डॉक्टर. कवळी घासून द्या, म्हणजे झालं." आणि पाठ न टेकवता, खुर्ची मागे कललेली असूनही सरळ राहण्याचा प्रयत्न करत, त्याने हात मांडीवर ठेवले.

मी काहीतरी आणायच्या निमित्ताने बाहेर आलो. बाहेरच्या खोलीत त्याची मुलगी यानिना बसली होती; तिने मला बघितलं आणि उभी राहिली, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. बाबा इस्पितळात पाऊल टाकत नाहीत, म्हणाली. आई गेली तेव्हापासून तर नाहीच. जिभेवरची जखम दिसली म्हणून कवळी दाखवायचं खोटं सांगून इथपर्यंत आणलंय. अर्थात कवळी खरंच टोचते, पण खोटं सांगताना तिला ते ठाऊक नव्हतं. "त्यांनी आयुष्यभर हुकूम सोडले, डॉक्टर. पाळायची सवय गेली. सांगून बघा तुम्ही. पण मी सांगते, ते हो म्हणतील आणि करणार नाहीत." तिचा आवाज सपाट होता. रुमालाची चारी टोकं एकावर एक नेमकी जुळवून तिने त्याची घडी केली होती. त्या घडीकडे मी बघत राहिलो. घोंगडीची अशीच घडी घालायला मला त्या माणसाने शिकवलं होतं, आणि माझी बायको लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मला म्हणाली होती की तू पलंग आवरतोस की त्याला अटक करतोस.

त्या वर्षाबद्दल बोलायचं म्हणजे आमच्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजत असतं, दारू मध्यावर आलेली असते, आणि माझ्या वयाचा कोणीतरी म्हणतो, "आमचा एक सार्जंट होता." बायका उठून कोशिंबिरीकडे जातात. मग सगळे सार्जंट मूर्ख असतात, सगळे रंगरूट चलाख असतात, बटाटे सोललेले असतात आणि थंडी उणे काहीतरी असते. आमच्या भाषेत सक्तीच्या शिपायाला कोलिंबा म्हणतात. धाव, साफ कर, झाड, या तीन हुकमांचे तुकडे जोडून केलेला शब्द, आणि लष्कराने आम्हाला दिलेल्या शिक्षणाचा सारांश म्हणून तो पुरेसा आहे. पुढे एक मुलगा तळावर मारहाणीत मेला आणि मग ती सक्तीच उठली. उठली ते बरं झालं. या बाबतीत माझ्या मनात कधीच दुसरा विचार आला नाही. आणि तरीही रविवारच्या त्या गप्पांमध्ये मी नेहमी बटाट्यांचीच गोष्ट सांगतो. दुसरी एक आहे ती सांगत नाही, कारण तीत कोणी मूर्ख नाही, आणि मांस भाजताना अशी गोष्ट खपत नाही.

मी परत आत आलो. नोएमीने त्याला कवळी घासून दाखवली होती आणि तो ती हातात फिरवून बघत होता, बंदुकीचा भाग तपासावा तशी. शनिवारच्या आत जमतंय हे चांगलं झालं, म्हणाला. शनिवारी त्याला लांब जायचं होतं. कुठे, असं नोएमीने विचारलं. ती सगळ्यांना सगळं विचारते. "वहिनीकडे," तो म्हणाला. गाडीत मागे बाटल्या भरून ठेवल्यात, या वाऱ्यात तापल्या असतील, पण वहिनी काही बोलायची नाही. नोएमीला वाटलं की ही भावाची बायको. मला माहीत होतं की ही कोण.

माझ्या त्या शिपाईगिरीच्या वर्षी नोव्हेंबरचा महिना होता, म्हणजे आमच्याकडे उन्हाळा. सराव म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जायचं आणि तिथे शत्रू नाही याची खात्री करून परत यायचं. आमच्या सेक्शनला पूर्वेकडच्या रेताड भागात एका बंद पडलेल्या रेल्वे थांब्यावर पोचायचं होतं, आणि पाण्याचा ट्रक घेऊन लेफ्टनंट तिथे भेटणार होता. लेफ्टनंट भेटला, पण दुसऱ्या एका बंद पडलेल्या थांब्यावर, जिथे आम्ही नव्हतो. त्या भागात बंद पडलेले थांबे मुबलक आहेत. लुसेरो सकाळपासून म्हणत होता की देशाची योजना उत्तम आहे, आपल्याला शत्रूपर्यंत कोरडं पोचवायचं, मग शत्रूकडेच पाणी मागायचं. दुपारी तो बोलायचा थांबला. थोड्या वेळाने त्याला घाम यायचाही थांबला. तालकेंका नावाचा एक मुलगा, गुआनाकाचेच्या आटलेल्या तळ्यांच्या बाजूचा, त्याच्या बापजाद्यांच्या काळी तिथे मासे धरायचे म्हणे, तो लुसेरोची बंदूकही घेऊन चालत होता. माझी जीभ म्हणजे तोंडात कोणीतरी ठेवून विसरून गेलेली वस्तू झाली होती. मला आठवतं ते एवढंच: माझ्यापुढे चालणाऱ्याच्या बुटांचे ठसे, आणि प्रत्येक ठशाच्या कडेची वाळू हळूहळू आत सरकत असताना तिचा होणारा, न होणारा आवाज. आणि मग पायवाट कच्च्या सडकेला मिळाली, तिथे दिफुंताचं एक घर होतं. विटांचं, निळा रंग उडालेलं. भोवती बाटल्या. दारूच्या, सायडरच्या, फुगीर पोटाच्या काचेच्या बरण्या, बुचं मारलेल्या, काही इतक्या जुन्या की काचेवर धूळ नव्हे, सालच धरली होती. सगळ्या भरलेल्या. सगळ्यांत उन्हाचा एकेक ठिपका हलत होता.

कोणी पुढे झालं नाही. ही गोष्ट मी शहराबाहेरच्या कोणाला सांगितली तर त्याला वाटेल की मी अतिशयोक्ती करतोय. सबंध सेक्शन थांबलं. टोप्या निघाल्या. तालकेंकाने छातीवर क्रूस काढला आणि लुसेरोला सावलीत टेकवलं. पाणी समोर होतं आणि ते दुसऱ्याचं होतं. कोणाचा ताप उतरला म्हणून, कोणाची लॉरी उलटून माणूस वाचला म्हणून, कोणाचा मुलगा सोडतीत सुटला म्हणून ठेवलेलं. तहानेने मेलेल्या बाईचं पाणी प्यायचं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. विज्ञानाच्या बाईंचा मुलगाही हात पुढे करेना. माझा हात माझ्या शेजारी लोंबत होता आणि मी त्याला काही सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता. आजही मला त्या हाताची लाज वाटत नाही. उलट कधी कधी वाटतं की माझ्या अवयवांपैकी तोच एक त्या दिवशी अर्जेंटिनी होता.

हवालदार बारिओनुएवोने आमच्याकडे बघितलं, मग लुसेरोकडे, मग त्या निळ्या घराकडे. तोही टोपी काढून उभा होता. टोपीच्या खाली कपाळ पांढरं होतं, चेहऱ्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण. मग त्याने टोपी घातली. आम्हाला रांगेत उभं केलं. परेडच्या मैदानावर करतात तसं, सावधान, अंतर घ्या, नजर समोर. आणि म्हणाला, आवाज न चढवता, जे त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं: "ऐका. या बाईच्या नवऱ्यालाही असाच धरून नेला होता. म्हणजे ही आपली वहिनी लागते. दिराला पाणी नाही म्हणणारी वहिनी मी पाहिलेली नाही. तरी कोणाच्या मनात खटकत असेल तर खटकू नये, म्हणून मी हुकूम देतो. हुकमाखाली जे होतं ते हुकूम देणाऱ्याच्या नावावर. तुमच्या नावावर काही नाही." आणि मग कवायतीसारखं, ठेक्यात: "सेक्शन, बाटली घे. बूच काढ. पी." आम्ही ठेक्यात घेतली, ठेक्यात उघडली, ठेक्यात प्यालो. माझ्या बाटलीला जुन्या दारूचा, रबराचा आणि उन्हाचा वास होता. त्या पाण्याची चव मला आजही सांगता येणार नाही, पण पुढे आयुष्यात जे काही प्यालो ते त्यानंतरचं आहे. तालकेंकाने लुसेरोच्या तोंडात थेंबथेंब सोडलं. थोड्या वेळाने लुसेरोने डोळे उघडून विचारलं की बाई कुठली आहे, लग्न झालंय का. अठरा वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदा कळलं की हुकूम ही गोष्ट कशाकशासाठी वापरता येते. तोवर आमचं ज्ञान असं होतं की हुकूम म्हणजे वरच्याने आपलं ओझं खालच्यावर टाकण्याची सोय. हा माणूस ते उलट्या दिशेने करत होता.

तो स्वतः प्याला नाही. मागे हात बांधून, पाय फाकवून, आम्ही पितोय यावर देखरेख करत उभा होता. मी बाटली पुढे केली. "मला हुकूम देणारा इथे कोण आहे?" तो म्हणाला. मला वाटलं गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. तो सरळ हिशेब सांगत होता. त्याच्या वर लेफ्टनंट होता आणि लेफ्टनंट चुकीच्या थांब्यावर होता. उन्हं कलली. तो उभाच होता. मग खाली बसला, आणि बसलाय हे त्याला कळलेलं दिसलं नाही. मग त्याने मला कोणा रोकेच्या नावाने हाक मारली आणि विचारलं की बकऱ्या आत घेतल्या का. ओठ पांढरे, फाटलेले. बाकीची पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी पुढे कॉलेजात जाणार, दातांचा डॉक्टर होणार, हे सगळ्यांना माहीत होतं, हवालदार मला रोज तेवढ्यावरूनच बोलायचा, थंडीत कुडकुडताना दिसलो की म्हणायचा, "डॉक्टर, आधी स्वतःचे दात वाजायचे थांबव, मग दुसऱ्यांचे बघ." तर मी पुढे झालो. पाय जोडले. आवाज फाटला, तरी काढला. "हवालदार बारिओनुएवो, सावधान!" तो उठला. माणूस उठायच्या आधी त्याचं अंग उठलं. बकऱ्या अजून बाहेरच होत्या, पण टाचा जुळल्या होत्या. "बाटली घे. बूच काढ. पी." रंगरुटाने हवालदाराला असं म्हणायचं नसतं, आणि एकेरीत तर नसतंच नसतं. तो प्याला. पूर्ण बाटली. पिऊन झाल्यावर त्याने ती परत त्या घराच्या पायाशी, होती तिथे, लेबल पुढे करून ठेवली.

ट्रक आला, आम्ही तळावर पोचलो, दोन दिवसांनी त्याने मला बोलावलं. वरिष्ठाला हुकूम दिल्याबद्दल शिक्षा: आठवडाभर संडास. मी होय म्हणालो. "आणि पाळल्याबद्दल मलाही," तो म्हणाला, आणि दुसरा झाडू त्याने उचलला. आठवडाभर हवालदार आणि रंगरूट शेजारी शेजारी संडास घासत होतो. तो कोपरे माझ्यापेक्षा चांगले काढायचा. वरून येणाऱ्या अधिकाऱ्यांना काय सांगितलं ते माहीत नाही. त्यांनी काही विचारलं नाही, कारण संडास स्वच्छ होते. माझ्या पदवीदानाला रेक्टर बोलले, माझ्या लग्नाला पाद्री बोलला, दोघंही चांगलं बोलले. पण कर्तव्य म्हणजे काय असं कोणी विचारलं तर माझ्या नाकात फिनेलचाच वास येतो.

आता तो माझ्या खुर्चीत होता आणि शनिवारी वहिनीकडे निघाला होता. मी मास्कच्या आडून, एखादा परका विचारील तसं विचारलं की बाटल्या कशासाठी. मुलांचं पाणी, म्हणाला. त्याच्या सेक्शनच्या मुलांचं. दर वर्षी प्रत्येकाची एक. एकदा प्यालं म्हणजे एकदा देऊन फिटलं असं नसतं, बाईला तहान रोज लागते. त्याने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. इतकी वर्षं माझ्या नावाची एक बाटली कुठल्याशा गाडीच्या मागच्या भागात आदळत-आपटत त्या सडकेने जात होती, आणि मी इथे लोकांना थुंका, थुंका म्हणत होतो. "आणि स्वतःची?" मी विचारलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा जिभेचं टोक त्या जखमेला लावलं, गालावरून दिसलं. "माझी फिटत नाही, डॉक्टर. पोरांना हुकूम होता. मला एका पोराने दिला. चांगला पोरगा होता, पण पोराचा हुकूम हा हुकूम नसतो. म्हणजे मी प्यालो ते माझं मी प्यालो." हातातली कवळी त्याने उलटी केली. "ज्या जिभेने प्यालो तिच्यावरच आलंय. बाईने इतकी वर्षं मागितलं नाही. सभ्य बाई आहे. आता मागतेय तर मी इस्पितळात जाऊन लपू का?"

नोएमीने नळी हळूच हुकावर अडकवली. झडप वाजत होती. मला वाटलं मी काहीतरी डॉक्टरी बोलेन. पेशी, तंबाखू, उकळता माते, टक्केवारी. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही त्या निळ्या घरापर्यंत पोचणार नव्हतं. तो अत्यंत शांतपणे मरायला तयार होता, आणि कारण मी होतो. म्हणजे माझा आवाज होता, अठराव्या वर्षीचा, फाटलेला, आणि त्याने तो रद्द धरला होता. मी दिवा पूर्ण बाजूला सारला. मास्क खाली ओढला. खुर्चीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. "हवालदार बारिओनुएवो, सावधान."

खुर्ची जवळजवळ आडवी होती. पायटेकणीवर त्याच्या टाचा जुळल्या. गळ्यात कागदी रुमाल, हातात कवळी, हात पाटलोणीच्या शिवणीला. नोएमी म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला बरं वाटतंय ना?" मला बरं वाटत होतं. मी म्हणालो, "त्या पोराला तुम्ही शिक्षा केलीत. कशाबद्दल?" तो माझ्याकडे बघत राहिला, माझ्या टकलावरून, पोटावरून, पांढऱ्या कोटावरून नजर हळूहळू मागे मागे जात होती, एकेक वर्ष उचलून बाजूला ठेवत. "वरिष्ठाला हुकूम दिल्याबद्दल," तो म्हणाला. "आणि तुम्ही स्वतःला?" "पाळल्याबद्दल." "म्हणजे हुकूम दिलाही आणि पाळलाही. शिक्षाही भोगून झाली, दोघांनी. न दिलेल्या हुकमाबद्दल तुम्ही कोणाला संडास घासायला लावलं असतंत का?" हा प्रश्न त्याला लागला. त्याने आयुष्यात कोणाला विनाकारण शिक्षा केली नसेल, निदान त्याची स्वतःची तशी समजूत असणार, आणि मी त्याच समजुतीवर भार टाकून उभा होतो. "नसतं लावलं," तो म्हणाला. "मग ते पाणी माझ्या नावावर आहे," मी म्हणालो. "तुमच्या जिभेवर बाईचं काही येणं नाही. जे आहे ते काय आहे ते मला बघायचंय."

त्याच्या भुवईतली रेघ हलली. "ब्रेसान," त्याने मला त्या वेळच्यासारखं आडनावाने हाक मारली. आणि मग, हातभर अंतरावरून नव्हे, खूप खालून: "तुझे दात वाजायचे थांबले का रे?" मी सांगितलं की आत्ता या क्षणी सांगता येणार नाही. मग माझा आवाज पुन्हा त्या जागी गेला; तो तिथे इतकी वर्षं तसाच ठेवलेला होता, घडी घालून. "दुसरा हुकूम. जीभ बाहेर." जीभ बाहेर आली. मी भूल दिली, थांबलो, तुकडा कापला, नोएमीने धरलेल्या बाटलीत सोडला, दोन टाके घातले. हात थंड होते पण चुकले नाहीत. तो छताकडे बघत होता, नजर समोर. बाहेरच्या खोलीत यानिनाच्या चपलांचा आवाज दारापर्यंत यायचा आणि परत जायचा.

मी पेला भरून दिला. "चूळ भरा. रक्त आहे, गिळायचं नाही. थुंका." त्याने पाणी तोंडात घेतलं. या गालातून त्या गालात फिरवलं. आणि थांबला. गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. मी पाय जोडलेले ठेवले. वाऱ्याने झडप एकदा उचलली आणि टाकली. मग तो हळूहळू भांड्याकडे वळला आणि थुंकला. तांबूस पाणी कडेने गोल फिरून भोकात जाईपर्यंत तो मान वाकवून बघत राहिला. कोणाला तरी पोचवायला आलेला माणूस बघतो तसं. मग रुमालाने मिशी पुसली, रुमालाची घडी केली, आणि बधिर झालेल्या जड जिभेने, पण तळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शनिवारी पहाटे निघायचं. ही जी चूळ वाया घालवलीस तिची बाटली तू आणायचीस. तुझ्या हाताने भरून."

"होय, हवालदार साहेब," मी म्हणालो, आणि टाचा जुळवल्या. दवाखान्यातल्या रबरी चपला कितीही जोरात एकमेकींवर आपटल्या तरी आवाज होत नाही. त्याने ऐकला.